हिब्रू धर्मग्रंथाचा काळ आणि मातींतील साक्षीदार

रेवदंडा, अलिबाग, पनवेल या कोंकणांतील गांवीं आणि मुंबईस मशीद बंदराजवळ बेने इस्राएल लोकांचीं प्रार्थनामंदिरें आहेत. हे लोक धर्मानें यहुदी. पण त्यांची घरची बोली मराठी. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवावे, शनिवारीं मात्र घाणा बंद ठेवावा, या रिवाजावरून 'शनवार तेली' हें नांव त्यांस कोंकणांत पडलें. त्यांच्या हिब्रू प्रार्थनेंत पंधरा शब्दांचा एक आशीर्वाद येतो. देवानें कल्याण करावें, रक्षण करावें, प्रसन्न मुखानें पाहावें आणि शांति द्यावी, एवढाच त्याचा आशय. 'गणना' नामक पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत तो आढळतो, आणि यहुदी लोक जगांत जेथें जेथें गेले, तेथें तेथें तो त्यांच्याबरोबर गेला.

हे पंधरा शब्द किती जुने असतील? प्रश्न वरवर पाहतां साधा दिसतो. परंतु या व अशाच प्रश्नांपायीं गेलीं दोनशें वर्षें विद्वानांत मोठा वाद चालत आला आहे, आणि त्याचें जें कांहीं खात्रीचें उत्तर मिळालें, तें बहुतांशीं ग्रंथाच्या पानांतून मिळालेलें नसून मातींतून वर आलेल्या लेखांतून मिळालेलें आहे. हे लेख काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. कारण साक्षीदारास न विचारलेल्या गोष्टी त्याच्या तोंडीं घालण्याचा मोह श्रद्धावंतास होतो आणि संशयवाद्यासही होतो.

हिब्रू धर्मग्रंथ हें एक पुस्तक नव्हे. तो एक लहानसा ग्रंथसंग्रह आहे. यहुदी गणनेप्रमाणें त्यांत २४ पुस्तकें आहेत, आणि त्यांचे नियमशास्त्र, संदेष्टे व इतर लेख असे तीन विभाग पडतात. ख्रिस्ती लोक यासच 'जुना करार' म्हणतात. पहिलीं पांच पुस्तकें मोशेनें लिहिलीं, असें परंपरा सांगते. आतां या ग्रंथाचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें संपूर्ण हस्तलिखित पाहावें, तर तें इ. स. १००८ च्या सुमाराचें, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीं फार तर तीनशें वर्षांचें आहे. इ. स. १९४७ पासून मृत समुद्राच्या कांठीं कुमरान येथील ११ गुहांत गुंडाळ्या सांपडूं लागल्या, तेव्हां हें अंतर एका झेपेंत बाराशें वर्षांनीं तुटलें. कारण त्यांतील सर्वांत जुने तुकडे इ. स. पू. तिसऱ्या शतकांतील आहेत. तरीही दावीद राजाचा काळ इ. स. पू. १००० च्या सुमाराचा, आणि बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम जाळून लोकांस बंदिवासांत नेलें, तें वर्ष इ. स. पू. ५८६. या काळाचें एकही ग्रंथपान हातीं नाहीं. तेथवर जाणारी वाट तुटलेली आहे.

ही वाट विद्वानांनीं प्रथम तर्कानें जोडूं पाहिली. इ. स. १८०५ मध्यें द वेट्टे या जर्मन पंडितानें असें दाखविलें, कीं 'अनुवाद' या पुस्तकांतील आज्ञा योशीया राजानें इ. स. पू. ६२२ च्या सुमारास केलेल्या धर्मसुधारणेशीं फार जुळतात. तेव्हां तें पुस्तक मोशेच्या काळाचें नसून त्या राजाच्या काळाचें असावें. पुढें इ. स. १८७८ मध्यें वेलहाउझेन यानें पहिल्या पांच पुस्तकांत निरनिराळ्या काळांतील चार धारा मिसळलेल्या आहेत, या मताची भक्कम मांडणी केली, आणि याजकांचे विधि सांगणारी धारा बंदिवासाच्या काळांतील व त्यानंतरची, सर्वांत उशिराची, ठरविली. 'गणना' पुस्तकांतील तो आशीर्वाद याच याजकीय भागांत बसलेला आहे. परंपरेचे अभिमानी अर्थातच खवळले. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या बाबतींत सारखीच खरी होती. दोघेही ग्रंथाचें वय ग्रंथालाच विचारीत होते. बाहेरचा साक्षीदार कोणापाशींच नव्हता.

असा साक्षीदार म्हणजे त्या काळीं प्रत्यक्ष कोरलेला किंवा शाईनें लिहिलेला लेख. पुस्तकाची नक्कल होते, आणि नकलकार शब्द बदलतो, शुद्धलेखन सुधारतो, कधीं समासांतील टीप मजकुरांत घालतो. दगड किंवा खापर एकदां मातींत गेलें, कीं त्यास कोणी सुधारीत नाहीं. त्याचा काळ तीन रीतींनीं ठरतो. तें कोणत्या थरांत आणि कोणत्या भांड्यांबरोबर सांपडलें, हें पहिलें. अक्षरांचें वळण कसें आहे, हें दुसरें. आणि भाषा कोणती आहे, हें तिसरें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं जुनीं मोडी दप्तरें चाळलीं असतील, त्यांस हें निराळें सांगावयास नको. शिवकालीन मोडीचें वळण वेगळें, उत्तर पेशवाईचें वेगळें. पत्राचा मायना पाहिला तरी जाणत्यास काळाचा अंदाज येतो. हिब्रूचेंही तसेंच आहे. बंदिवासापूर्वींची तिची लिपि आजच्या चौकोनी हिब्रू लिपीहून अगदीं निराळी होती. ही चौकोनी लिपि मागाहून अरामी लिपीपासून आली.

साक्षीदारास विचारावयाचे प्रश्नही चार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळतां कामा नयेत. ग्रंथांतील माणसें व प्रसंग खरे आहेत काय, हा पहिला. ग्रंथाची भाषा कोणत्या काळची आहे, हा दुसरा. अमुक कथा किंवा अमुक वचन केव्हां प्रचारांत होतें, हा तिसरा. आणि ग्रंथ आजच्या स्वरूपांत केव्हां पूर्ण झाला, हा चवथा. बहुतेक लेख पहिल्या तीन प्रश्नांपैकीं एखाद्याचें उत्तर देतात. चवथ्याचें उत्तर कोणताही एक दगड देत नाहीं.

पहिल्या प्रश्नाचा प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख. इ. स. १८६८ मध्यें मृत समुद्राच्या पूर्वेस दीबान येथें क्लाइन नांवाच्या मिशनऱ्यास ही काळी शिळा दिसली. ती मिळविण्यासाठीं परदेशी लोकांची चढाओढ लागली. तेव्हां तेथील अरबांनीं ती विस्तवावर तापविली, तिच्यावर थंड पाणी ओतलें आणि तिचे तुकडे तुकडे केले. सुदैवानें फ्रेंच पंडित क्लेरमों-गानो यानें तत्पूर्वीं तिचा कागदी ठसा घेवविला होता. त्या ठशाच्या व जमविलेल्या तुकड्यांच्या साहाय्यानें ३४ ओळींचा लेख पुन्हा उभा राहिला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. इस्राएलचा राजा अम्री यानें मवाबला बहुत दिवस जाचलें, पण कमोश या आपल्या देवाच्या कृपेनें मेशानें तें जूं झुगारून दिलें, असें त्यांत म्हटलें आहे. इस्राएलाचा देव यहोवा याचेंही नांव त्यांत आहे. लेखाचा काळ इ. स. पू. ८४० च्या सुमाराचा.

'राजे' या पुस्तकांतही मेशा येतो. तो इस्राएलास मेंढरांचा कर देत असे आणि मागाहून त्यानें बंड केलें, अशी हकीकत तेथें आहे. म्हणजे व्यक्ति खरी, तंटाही खरा. पण दोन्हीं वृत्तांत एक नाहींत. इस्राएली लेखक आपल्या राजांची बाजू सांगतो, मेशा आपली. आणि मेशा खरा होता, एवढ्यावरून 'राजे' हें पुस्तक मेशाच्या काळीं लिहिलें गेलें, असें मुळींच ठरत नाहीं. त्याच्या लेखकापाशीं जुनी खरी माहिती होती, एवढेंच ठरतें. आजच्या इतिहासकारानें शिवाजी महाराजांची खरी हकीकत लिहिली म्हणून तो शिवकालीन ठरत नाहीं, तसेंच हें.

दुसरा प्रश्न भाषेचा. येथें साक्ष अधिक बोलकी आहे. यरुशलेमांत हिज्कीया राजाच्या वेळचा म्हणून समजला जाणारा पाण्याचा बोगदा आहे. त्याची लांबी ५३३ मीटर. इ. स. १८८० मध्यें तेथें पाण्यांत खेळणाऱ्या मुलांस शिलोह तळ्याच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेला सहा ओळींचा लेख दिसला. दोन्ही टोंकांकडून खोदीत आलेल्या कामकऱ्यांस एकमेकांचा आवाज कसा ऐकूं आला, मग कुदळीस कुदळ कशी भिडली आणि पाणी बाराशें हात कसें वाहत गेलें, याचें सुरेख वर्णन त्यांत आहे. राजाचें नांव त्यांत नाहीं. पण अक्षरवटिका इ. स. पू. ७०० च्या सुमाराची आहे, आणि इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय परीक्षेंत बोगद्याच्या गिलाव्याचा काळही तोच निघाला.

दुसरे साक्षीदार लाखीश येथील खापरें. इ. स. १९३५ मध्यें स्टार्की या उत्खननकारास तेथील वेशीच्या जळक्या राखेंत शाईनें लिहिलेलीं पत्रें सांपडलीं. नबुखद्नेस्सराच्या स्वारीच्या अगदीं आधींचीं तीं आहेत. एका पत्रांत दूरच्या ठाण्यावरचा शिपाई लिहितो, कीं लाखीशच्या खुणेच्या ज्वाळांवर आमची नजर आहे, पण अजेकाची खूण दिसत नाहीं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकांत, यहूदाच्या तटबंदी नगरांपैकीं लाखीश आणि अजेका हींच काय तीं उरलीं होतीं, असा उल्लेख आहे. तीं नांवें वाचून त्या शिपायाची रात्र डोळ्यांपुढें उभी राहते.

या लेखांची हिब्रू आणि 'शमुवेल', 'राजे' इत्यादि पुस्तकांतील गद्य हिब्रू यांची ठेवण एकच आहे. पत्रलेखक वरिष्ठापुढें स्वतःस 'कुत्रा' म्हणवितो. तीच नम्रतेची रीत 'राजे' पुस्तकांत दिसते. उलट 'इतिहास', 'एज्रा', 'एस्तेर' या पुस्तकांची भाषा निराळी; तींत अरामी वळण आणि इराणी शब्द आहेत. 'दात' म्हणजे राजाज्ञा हा इराणी शब्द 'एस्तेर' पुस्तकांत वारंवार येतो. इराणी अंमल इ. स. पू. ५३९ मध्यें कोरेश राजानें बाबेल घेतल्यानंतरचा. तेव्हां हीं पुस्तकें त्यानंतरचीं, यांत संशय राहत नाहीं. आणि पहिलीं पुस्तकें ज्या भाषेंत आहेत, ती भाषा बंदिवासापूर्वीं खरोखर लिहिली जात होती, हेंही सिद्ध होतें.

मात्र तेच लेख एक सावधगिरीची सूचनाही देतात. शिलोहच्या लेखांत 'माणूस' आणि 'दिवस' या अर्थाचे हिब्रू शब्द स्वरदर्शक अक्षरावांचून, आंखूड लिहिले आहेत. धर्मग्रंथांत ते सामान्यतः स्वरदर्शक अक्षरासह येतात. म्हणजे जुना मजकूर पुढील नकलकारांनीं आपल्या काळच्या शुद्धलेखनांत उतरविला. हातीं असलेलें पुस्तक जुनें असलें, तरी त्याचा पोशाख नवा आहे.

भाषेबरोबर व्यवहारांतील वजनें व नाणीं हींही काळ सांगतात. 'शमुवेल' या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत, शौल राजाच्या काळीं इस्राएलांत लोहार नसल्यामुळें शेतकऱ्यांस नांगराचे फाळ पाजवावयास पलिष्टी लोकांकडे जावें लागे, अशी हकीकत आहे. तेथें 'पीम' असा एक शब्द येतो. संपूर्ण हिब्रू ग्रंथांत तो दुसऱ्या कोठेंही नाहीं. त्याचा अर्थच लागेना, इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं अंदाजानें 'कानस' असा अर्थ केला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पॅलेस्टाइनांत दगडी वजनें मिळूं लागलीं. त्यांवर जुन्या लिपींत 'पीम' अशीं अक्षरें कोरलेलीं होतीं. एका पीमाचें वजन सुमारें ७·८ ग्रॅम, म्हणजे शेकेलच्या दोन-तृतीयांश भरतें. तेव्हां उलगडा झाला, कीं पीम म्हणजे हत्यार नव्हे. ती लोहाराची मजुरी होय, तेवढ्या वजनाची चांदी.

या लहानशा दगडाची साक्ष फार मार्मिक आहे. हीं वजनें मुख्यतः इ. स. पू. आठव्या व सातव्या शतकांतील. यरुशलेमच्या नाशाबरोबर तीं व्यवहारांतून गेलीं. तेव्हां हा मजकूर त्यानंतर पांचशें वर्षांनीं कोणी कल्पनेनें रचला, असें म्हणणें अवघड होतें. शब्दच विसरला गेला असतां तो सुचणार कोठून? परंतु शौलाचा काळ इ. स. पू. अकराव्या शतकाच्या अखेरचा. त्या काळचीं अशीं वजनें सांपडलेलीं नाहींत. लेखकानें आपल्या काळचा भाव शौलाच्या काळास लावला असावा, असा तर्क त्यावरून निघतो. वजन एकच, तें उशिराचा काळ सांगणाऱ्यास मागें ओढतें आणि फार जुना काळ सांगणाऱ्यास पुढें ओढतें.

याच्या जोडीस 'इतिहास' पुस्तकांतील एक जागा ठेवावी. दावीदाच्या काळीं लोकांनीं मंदिरासाठीं दिलेल्या देणग्या मोजतांना तेथें 'दारिक' या नाण्यांचा आंकडा दिला आहे. दारिक हें इराणचा बादशहा पहिला दारयावेश यानें पाडलेलें सोन्याचें नाणें. त्याची कारकीर्द इ. स. पू. ५२२ ते ४८६. दावीदाहून तें पांचशें वर्षांनीं धाकटें. 'शमुवेल' पुस्तकाचा लेखक पीम जाणतो, 'इतिहास' पुस्तकाचा लेखक दारिक जाणतो. दोघांच्या काळांतील अंतर याहून स्पष्ट काय सांगावें?

आतां तिसरा प्रश्न, कथेचा आणि वचनाचा. आणि येथें पुन्हा 'गणना' या पुस्तकाकडे यावयाचें. या पुस्तकांत बलाम नांवाच्या द्रष्ट्याची कथा आहे. मवाबच्या राजानें त्यास इस्राएलास शाप देण्यासाठीं बोलाविलें, पण त्याच्या तोंडून आशीर्वादच निघाले. कित्येकांस ही कथा केवळ कल्पित वाटे. इ. स. १९६७ मध्यें यार्देन नदीच्या पूर्वेस देइर अल्ला येथें उत्खनन करणाऱ्या डच पथकास भिंतीवरून गळून पडलेले गिलाव्याचे शंभराहून अधिक तुकडे सांपडले. त्यांवर काळ्या व तांबड्या शाईनें लिहिलेलें होतें. तुकडे जुळवून पाहतां मजकूर निघाला तो बौराचा पुत्र बलाम या द्रष्ट्याचा! रात्रीं देव त्याजकडे येतात, दुसऱ्या दिवशीं तो रडतो, उपाशी राहतो, आणि येणारें संकट लोकांस सांगतो. लेखाचा काळ इ. स. पू. ८०० च्या आसपासचा.

पण या लेखांत इस्राएल नाहीं, मोशे नाहीं, आणि जे तुकडे वाचतां आले त्यांत यहोवाचेंही नांव नाहीं. तेथील बलाम अनेक देवांचा द्रष्टा आहे. तेव्हां या लेखावरून बलामाची आख्यायिका यार्देनच्या पलीकडे बंदिवासाच्या दोनशें वर्षें आधीं लोकांच्या तोंडीं होती, एवढें निश्चित होतें. 'गणना' पुस्तकांतील कथा तेव्हां लिहिली गेली होती काय, हें त्यावरून कळत नाहीं. कथा पुस्तकाहून वयानें मोठी असूं शकते, हा धडा मात्र त्यानें चांगला शिकविला.

त्याच पुस्तकांतील दुसरा साक्षीदार अधिक नाजुक आहे. इ. स. १९७९ मध्यें यरुशलेमच्या जुन्या तटाबाहेर, नैर्ऋत्येस, हिन्नोमच्या दरीवरील केतेफ हिन्नोम या जागीं गेब्रिएल बारकाय हे पुरातत्त्वज्ञ खडकांत कोरलेलीं थडगीं तपाशीत होते. बहुतेक थडगीं केव्हांच लुटलीं गेलेलीं. एका थडग्याच्या खालच्या कोठडीवर मात्र छत ढांसळलें होतें, आणि त्यामुळेंच ती लुटारूंच्या नजरेंतून सुटली होती. आंतील वस्तूंत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या होत्या. गळ्यांत बांधावयाचे ते ताईत होते. चांदी इतकी ठिसूळ झालेली, कीं त्या उलगडण्यास जवळजवळ तीन वर्षें लागलीं. उलगडल्यावर मोठा पत्रा अवघा ९७ मिलिमीटर लांब भरला, आणि लहान ३९ मिलिमीटर. त्यांवर केसासारख्या रेषांनीं अक्षरें कोरलेलीं होतीं. प्रथम देवाचें नांव वाचतां आलें. मग एकेक शब्द जुळत गेला, आणि लक्षांत आलें, कीं हा तोच आशीर्वाद आहे. कल्याण, रक्षण, प्रसन्न मुख आणि शांति.

अक्षरवळणावरून हे ताईत इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरचे किंवा सहाव्याच्या आरंभाचे, म्हणजे बंदिवासाच्या थोडेसे आधींचे मानले जातात. कांहीं विद्वानांनीं ते पुष्कळ उशिराचे ठरविले होते. परंतु नव्या प्रकाशयोजनेनें घेतलेल्या छायाचित्रांवरून केलेलें वाचन इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां पहिल्याच काळास अधिक बळकटी आली. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांहून हे ताईत सुमारें चारशें वर्षांनीं जुने. धर्मग्रंथांतील वचनाचा याहून जुना लेख आजवर हातीं आलेला नाहीं.

ही बातमी पसरतांच श्रद्धावंत म्हणूं लागले, कीं आतां वेलहाउझेनचें मत कोसळलें. पांचही पुस्तकें बंदिवासापूर्वीं तयार होतीं. हा साक्षीदाराच्या तोंडीं न बोललेलें वाक्य घालण्याचाच प्रकार झाला. ताइतावर पुस्तकाचें नांव नाहीं. लहान पत्र्यावर तर आशीर्वाद ग्रंथांतल्याहून आंखूड आहे; मधले कांहीं शब्द त्यांत नाहींत. सोनारानें जागेअभावीं ते गाळले, कीं त्या काळीं आशीर्वादाचा तसाही पाठ चालत होता, हें पत्रा सांगत नाहीं. शिवाय सिनाईच्या वाळवंटांत कुंतिलेत अजरूद येथें इ. स. १९७५-७६ मध्यें सांपडलेल्या इ. स. पू. ८०० च्या सुमाराच्या एका रांजणावरही कल्याण आणि रक्षण या दोन मागण्या त्याच हिब्रू क्रियापदांनीं केलेल्या आहेत. अर्थात् असे आशीर्वाद देण्याची रीत लोकांत आधींपासून रुळलेली होती. याजकांनीं लोकांच्या तोंडचें वचन ग्रंथांत घेतलें, कीं ग्रंथांतलें वचन लोकांनीं गळ्यांत बांधलें, हा प्रश्न उघडाच राहतो.

उलटपक्षीं, याजकीय भागांतील सर्व कांहीं बंदिवासानंतर नव्यानें रचलें, असें म्हणणाऱ्यांसही मागें यावें लागलें. भाग उशिराचा असला, तरी त्यांतील सामग्री जुनी असूं शकते, हें त्या चांदीच्या पत्र्यानें दाखवून दिलें. वेलहाउझेनचें मत त्यानें मोडलें नाहीं. त्याची एक बाजू मात्र दुरुस्त केली.

लेखांच्या मौनावरूनही कित्येकदां अनुमान काढतात, आणि तें तर अधिकच जपून काढावयाचें असतें. नाईल नदींतील एलेफंटाइन बेटावर इ. स. पू. पांचव्या शतकांत यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांचे अरामी भाषेंतील पपायरसाचे कागद सांपडले आहेत. इ. स. पू. ४०७ मध्यें त्यांनीं आपलें उद्ध्वस्त झालेलें मंदिर पुन्हा बांधण्यासाठीं यहूदाच्या सुभेदारास अर्ज केला. या कागदांत बेखमीर भाकरीच्या सणाचा उल्लेख आहे. पण मोशेच्या नियमशास्त्रांतील एकही वचन उद्धृत केलेलें नाहीं. त्यावरून कांहीं पंडित म्हणतात, कीं तेव्हां तें शास्त्र सर्वत्र प्रमाण झालेलें नव्हतें. हें संभवनीय आहे. तथापि घरांचीं खरेदीखतें, कर्जरोखे आणि सरकारी अर्ज यांत धर्मवचनें नसणें, यांत नवल तें काय? आपल्याकडील सावकाराच्या वहींत गीतेचा श्लोक नसतो, म्हणून त्यास गीता ठाऊक नव्हती, असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरा धोका बनावट लेखांचा. इ. स. २००३ मध्यें योआश राजाच्या नांवाचा एक काळा दगड पुढें आला. मंदिराच्या डागडुजीची 'राजे' पुस्तकांतील हकीकत जणूं राजाच्या स्वतःच्या तोंडून त्यांत वदविली होती. तो उत्खननांत सांपडलेला नव्हता. कोठून आला, हें खात्रीनें कोणास सांगतां येईना. भाषेच्या जाणकारांनीं त्यांतील एका शब्दप्रयोगावर बोट ठेवलें. प्राचीन हिब्रूंत ज्या शब्दाचा अर्थ 'भेग' किंवा 'मोडतोड', तो येथें आधुनिक हिब्रूप्रमाणें 'दुरुस्ती' या अर्थानें आला होता. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्यानें नेमलेल्या मंडळानें लेख बनावट ठरविला. पुढें खटला चालला, इ. स. २०१२ मध्यें न्यायालयानें बनावटीचा आरोप निःसंशय सिद्ध झाला नाहीं, असा निर्णय दिला. पण न्यायालयांत आरोपी सुटणें निराळें आणि इतिहासांत साक्षीदार मान्य होणें निराळें. ज्या लेखाची माती ठाऊक नाहीं, त्यावर ग्रंथाचा काळ उभारूं नये, हेंच शहाणपणाचें.

मग चवथ्या प्रश्नाचें, ग्रंथ केव्हां रचला गेला याचें, काय? येथें एका नव्या रीतीनें थोडी मदत केली आहे. नेगेव वाळवंटाच्या कांठीं अराद नांवाचा एक लहानसा किल्ला आहे. इ. स. १९६२ पासूनच्या उत्खननांत तेथें शाईनें लिहिलेलीं खापरें सांपडलीं. तेल, द्राक्षारस आणि पीठ शिपायांस द्यावें, अशा कोठीच्या आज्ञा त्यांवर आहेत. तीं इ. स. पू. ६०० च्या सुमाराचीं. इ. स. २०१६ मध्यें तेल अवीव विद्यापीठांतील संशोधकांनीं त्यांतील १६ लेखांचीं वळणें गणकयंत्रानें तपासलीं, तेव्हां ते निदान सहा निरनिराळ्या हातांचे निघाले. वाळवंटांतील लहानशा किल्ल्याशीं चाललेल्या पत्रव्यवहारांत, कोठीवाल्यापर्यंत, इतक्या लोकांस लिहितां येत असेल, तर राजधानींत मोठे ग्रंथ रचण्याइतकी लेखनविद्या बंदिवासापूर्वीं होती, असें मानण्यास हरकत नाहीं. मात्र लिहितां येत होतें, यावरून अमुकच ग्रंथ लिहिला, हें ठरत नाहीं.

या सर्व साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे चित्र दिसतें तें असें: ज्या हिब्रूंत धर्मग्रंथाचा मोठा गद्य भाग आहे, ती इ. स. पू. आठव्या ते सहाव्या शतकाच्या लेखांची हिब्रू आहे. त्यांतील कांहीं कथा व वचनें त्याहून जुनीं असूं शकतात. 'इतिहास', 'एज्रा', 'एस्तेर' अशीं पुस्तकें इराणी अंमलांतील किंवा त्यानंतरचीं आहेत. जुन्या पुस्तकांवरही पुढील पिढ्यांचे हात फिरलेले आहेत. एका दिवशीं, एका हातानें, एका जागीं हा ग्रंथ झाला, असें कोणताही लेख सांगत नाहीं. आणि तो सारा उशिराच्या काळीं कोणी बनविला, असेंही कोणता लेख सांगत नाहीं. शिलालेख बहुधा ग्रंथाची जन्मतिथि देत नाहीं. 'या काळीं हें होतें' एवढेंच तो म्हणतो. तें केव्हांपासून होतें, याविषयीं तो गप्प असतो.

एवढ्यानें ज्यांचें समाधान होत नाहीं, त्यांनीं त्या ताइताचा धनी डोळ्यांपुढें आणावा. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्याच्या नगरावर शत्रूची धाड येणार होती किंवा नुकतीच आली होती. अशा दिवसांत कोणीतरी चांदीच्या पातळ पत्र्यावर रक्षणाची आणि शांतीची मागणी कोरविली आणि ती गळ्यांत बांधली. रेवदंड्याच्या प्रार्थनामंदिरांत तो आशीर्वाद जेव्हां म्हटला जातो, तेव्हां ते शब्द निदान सव्वीसशें वर्षांमागें मनुष्याच्या उपयोगांत होते, एवढें निश्चयानें म्हणतां येतें. ते मोशेच्या तोंडचे, असें मानणाऱ्यास त्या पत्र्यानें खोटें पाडलेलें नाहीं, आणि खरेंही केलेलें नाहीं. जेवढें त्यास ठाऊक होतें, तेवढेंच त्यानें सांगितलें.